सदूने कुंडी धुतली

मेढ्याच्या स्टँडवर गाडी लागली होती आणि आमचा सदू टपावर चढून आपली वळकटी आपणच बांधत होता. खालून कंडक्टर ओरडत होता, "ए गड्या, उतर की खाली, गाडी सुटली!" माणसं हसत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. टपावर सामान चढवायला हमाल होता. पण सदूला समोर काम दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे, मग ते काम कुणाचं का असेना.

सासरी जायची ती माझी पहिली खेप नव्हती. लग्नाला वर्ष झालं होतं, सांगलीला बिऱ्हाड मांडलं होतं. पहिल्या खेपेला एकटी निघाले तेव्हा साताऱ्यापर्यंत रडले. या खेपेला पाठचा भाऊ बरोबर होता, म्हणजे रडायचं काही कारण नव्हतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. सदू मिलिटरीच्या भरतीला जाऊन परत आला होता. आमच्या आळीत घरटी एक शिपाई, आणि याची छाती तेवढी मापात बसली नाही. उतारावरची भाताची खाचरं थोरल्या भावाच्या पोराबाळांनाच पुरत नव्हती. मग मीच ह्यांना गळ घातली की दुकानात माणूस लागतो म्हणता, तर माझा भाऊ घ्या. ह्यांना म्हणजे माझ्या मालकांना. नाव घ्यायची रीत तेव्हा नव्हती, आणि आता या वयात जीभ वळत नाही.

आई खिडकीला धरून उभी होती. म्हणाली, "आपल्या येण्णेचंच पानी म्हावलीला कृष्णेत मिळून तिकडं जातं. परका मुलूख म्हनू नगंस." तात्या माझ्याशी बोलले नाहीत, सदूशी बोलले. "बहिनीच्या घरी पावना म्हनून न्हाई, गडी म्हनून ऱ्हायाचं. कुनी काम सांगंल म्हनून वाट बगत बसायचं न्हाई. दिसलं की करायचं." सदूनं मान हलवली. बापाचा शब्द त्यानं इतका मनावर घेतला की त्यापायी आमच्या घराचं घरपण दोन वर्षं मोडलं.

आमचं दुकान गलाईचं. तुम्हा मेढ्यातल्यांना हा शब्द ठाऊक नसेल, म्हणून सांगते. सराफांचं सोनं-चांदी भट्टीत आटवून शुद्ध करून द्यायचं, त्याला गलाई म्हणतात. ह्यांचं गाव आटपाडीकडं. तिकडं पाऊस म्हणजे रुसलेला जावई, आला तर आला. त्यामुळं त्या भागातली माणसं पोटापाठी या धंद्यात शिरली आणि पार कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत पांगली. आमचं नशीब बरं, आम्ही सांगलीतच राहिलो, सराफपेठेच्या मागच्या बोळात. खाली भट्टी, वर माडीवर आमचं बिऱ्हाड. दुकानाचे मालक आण्णा, ह्यांच्याच भावकीतले. त्यांचं आणखी एक दुकान बाहेरगावी होतं, म्हणून ते अधूनमधून यायचे आणि इथला सगळा कारभार ह्यांच्यावर असायचा. भट्टीचा भाता, धातू आटवायची मूस, तेजाब म्हणजे ॲसिड, हे शब्द मी भाकरी थापता थापता शिकले. तेजाबाचा वास साडीत इतका मुरला की माहेरी गेले की वहिनी नाकाला पदर लावायची.

दुकानाच्या मागच्या दाराशी एक दगडी कुंडी होती. भट्टीवरून उठणाऱ्यानं हात धुवायचे ते तिच्यात, पाय धुवायचे ते तिच्यात, शर्ट झटकायचा तोही तिच्यावर. कारण माणसाच्या नखात, केसात, कपड्यात सोन्याचांदीचे कण राहतात. ते पाणी सांडायचं नाही. खाली गाळ बसू द्यायचा, आणि दिवाळीच्या तोंडावर तो वाळवून भट्टीत घालायचा. त्यातून जे निघेल ती कामगारांची दिवाळी, आण्णा त्याला हात लावत नसत. दारातलं पायपुसणंसुद्धा टाकायचं नाही, जाळून त्याची राख आटवायची. आण्णा म्हणायचे, "आपल्या धंद्यात केर म्हनून काय नसतंयच."

आता आमच्या मेढ्याची गोष्ट उलटी. चार महिने आभाळ फाटलेलं. रात्रीचं पाणी म्हणजे शिळं पाणी. सकाळी उठलं की आधी हंडे-कळश्या पालथ्या घालायच्या, राखेनं घासायच्या, मग नवं पाणी भरायचं. ज्या घरात शिळं पाणी दिसलं त्या घरची बाई आळशी. लग्नानंतर आटपाडीला मी सवयीनं भरली कळशी अंगणात पालथी केली, तर सासूबाई पळतच आल्या. "आगं, म्हशीला तरी दावायचं व्हतंस!" त्या दिवशी मला कळलं की मी फक्त घर बदललेलं नाही.

सदू चैत्रात आला. श्रावणापर्यंत भाता ओढायला, कोळसा फोडायला तरबेज झाला. हे त्याच्यावर खूश होते. मला म्हणायचे, "तुझा भाऊ येडा हाय, पर कामाला वाघ हाय." मी मनातून फुगायचे. श्रावणात कुंडीला वास सुटला. पाण्यात अळ्या झाल्या, डास घोंघावायला लागले. एके दिवशी सकाळी मी खाली उतरले तर सदू घामाघूम होऊन कुंडीपाशी उभा. काथ्यानं आणि राखेनं घासून त्यानं ती आतून-बाहेरून लख्ख केली होती आणि म्युनिसिपालटीच्या नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं होतं. "बग आक्का, कशी केली! किती दिसाचं शिळं पानी व्हतं, किडं पडलं व्हतं."

मी विचारलं, "गाळ कुठाय?" तो म्हणाला, "गटारीत. आनि कुठं?"

तेवढ्यात बाकीचे कामगार आले. त्यातला नामू म्हणून एक होता, तो कुंडीत वाकून बघत राहिला, मग खाली बसला. त्याच्या घरी तीन लेकरं होती. हे आले. त्यांना काय झालं ते कुणी सांगितलं नाही, सगळ्यांची तोंडं बघूनच त्यांना कळलं. "तुला पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं मी," ह्यांचा आवाज चढला. सदू म्हणाला, "न्हाई दाजी. मला कुनीबी काय सांगितलं न्हाई." शब्दाला शब्द वाढला. नामू खालमानेनं म्हणाला की गलाईच्या दुकानात पाच महिने काढल्यावर कुंडीचा गाळ कुणी गटारीत टाकतं का? एवढा खुळा माणूस कुठं असतो का? म्हणजे त्याला काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना समजलं. आणि ह्यांनी सगळ्यांदेखत सदूच्या कानफटात मारली आणि म्हणाले, "चोरा, कुठं ठेवलास त्यो गाळ?"

सदूनं गालाला हातसुद्धा लावला नाही. माझ्याकडं एकदा बघितलं. मग खुंटीवरचा शर्ट घेतला आणि बोळातून चालू लागला. मी हाका मारल्या. त्याची वळकटी माडीवरच राहिली.

लोक म्हणतात, आपलेच दात आणि आपलेच ओठ. म्हणायला सोपं आहे. ज्याच्या तोंडात ते असतात त्याला विचारावं. भावाची बाजू घ्यावी तर चार घरांची दिवाळी गटारीत गेली होती, हे खरं होतं. नवऱ्याची घ्यावी तर माझ्या आईचा पोर चोर ठरत होता. मी ह्यांना एवढंच म्हणाले, "मारलंत ते मारलंत. चोर म्हणायला नको होतं." ते म्हणाले, "मग गाळ कुठं गेला?" आणि मी बोलायचं बंद केलं.

बंद म्हणजे अगदीच बंद नव्हे. भाकरी वेळेवर, धुणं वेळेवर, पाहुणा आला की चहा. पण बोलणं कामापुरतं. घर चाललं होतं आणि संसार थांबला होता. मला एका जागी बसवायचं नाही. माडीवरून खाली, खालून दारात, दारातून बोळाच्या तोंडापर्यंत, आणि परत. कुणी विचारलं तर सांगायचे, भाजीवाली आली का बघते. दुपारी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचे आणि तिथंही पाच मिनिटांत उठायचे. सदू मेढ्याला गेला नव्हता. कुठल्या तोंडानं जाणार? तात्यांनी गडी म्हणून राहायला सांगितलं होतं आणि हा चोर होऊन परतणार होता.

दिवाळीत भाऊबीज आली. थोरला भातकापणीत अडकलेला, तो येणार नव्हता. शेजारची बाई भल्या मनानं म्हणाली, "भाऊ न्हाई आला तर चंद्राला ओवाळावं, तसं रिकामं बसू ने." मी म्हणाले, चंद्राला ओवाळायचं ते भाऊ नसणाऱ्या बाईनं. माझा भाऊ जिवंत आहे. ताट तसंच उचलून ठेवलं. हे उंबऱ्यात उभे राहून सगळं बघत होते, आणि मग भट्टीवर उतरून गेले. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. माणूस गेला की त्याच्यावरचा राग जातो म्हणतात. सगळा जात नाही.

मग नामूच्या गावाकडून कळलं की सदू कडेगावात आहे. एका बागायतदाराच्या उसात राबतो, गुऱ्हाळ लागलं की चुलवाणात जाळ घालतो. कडेगाव म्हणजे एस.टी.नं जाऊन दिवसात परत येण्यासारखं. तो समुद्रापार गेला असता तर बरं झालं असतं, असं वाटायचं. जवळ असून न येणं फार लागतं.

वर्ष असंच गेलं. त्यातच सरकारनं चौदा कॅरेटचा कायदा आणला, म्हणजे त्याहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी. सोनारांच्या पेढ्या ओस पडल्या, आमच्या दुकानातलं सोन्याचं काम आटलं आणि निव्वळ चांदीवर दिवस आले. ह्यांचं लक्ष कशात लागेना. आणि एक दिवस त्यांनी दोन सराफांची चांदी एकाच मुशीत ओतली. हे ऐकून बाहेरच्याला काही वाटणार नाही. चांदी ती चांदी. पण गलाईत याच्यापरीस मोठी चूक नाही. एकाची कसदार, दुसऱ्याची हिणकस, आणि एकदा मिसळली की कुणाची किती चांगली होती ते देवालाही सांगता येत नाही. अशा दुकानावर सराफ पुन्हा थुंकायलासुद्धा येत नाही.

आण्णा दुसऱ्या दिवशी आले. मी माडीवरून कान देऊन होते. वाटलं, आता ह्यांचीही वळकटी बांधायची वेळ आली. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "चुकलं?" हे म्हणाले, "चुकलं." आण्णा उठले, दोन्ही पेढ्यांवर जाऊन आले. तिथं काय बोलले, किती वाकले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या भट्टी येळंवर पेटीव."

हे वर आले आणि भिंतीला टेकून बसले. पाणी दिलं तर हातात तसंच धरून बसले. म्हणाले, "आण्णा मला कायबी बोलले न्हाईत." मला तोंडावर आलं होतं की मग तुम्हीही कुणाला तरी काही बोलायला नको होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी चुलीकडं वळले. त्यांनीच दोन दिवसांनी विषय काढला. "कडेगावला जाऊ या काय?"

मी पुरणपोळ्या केल्या. गाडीत हे एकदम पोरासारखे खुशीत होते, जसं काही पोरगी बघायला चाललोय. गुऱ्हाळावर पोचलो तर सदू चुलवाणापाशी, अंगाला राख, आणखी वाळलेला. माझ्याकडं बघून त्याचे डोळे भरले. ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सदू, झालं गेलं गंगेला मिळालं. मी तुला माफ केलं. चल घरला."

सदूनं खांदा काढून घेतला. "माफ? कशापायी?"

"आता ते कशाला उकरायचं?"

"न्हाई, सांगा की. चोरी केल्याली माफ केली म्हनता का? मी केलीच न्हाई. मग तुमची माफी घिऊन मी कुठं ठिवू?"

ह्यांचा चेहरा लाल झाला. मी मध्ये पडले, पोळ्यांचं गाठोडं पुढं केलं. सदूनं ते घेतलं, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आक्का, तू कवाबी ये. पर मला चोर म्हनून घरात घ्यायला येऊ नगा." आणि परत जाळ घालायला वाकला.

येताना गाडीत हे खवळले होते. एवढं मोठं मन करून गेलो आणि त्यानं काय किंमत केली! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा आहे तुझा भाऊ. मी म्हणाले, पीळ दोन्ही सुंभांना आहे. मग पलूसच्या आसपास कुठंतरी मी त्यांना सरळ विचारलं, आजही तो तुम्हाला चोर वाटतो का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला म्हाईत न्हाई गं." खोटं बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं उत्तर ऐकून मी माझ्या मनात डोकावले, तर तिथंही शपथेवर सांगण्यासारखं काही नव्हतं. सदू चोर नाही, हे मला आईच्या दुधासारखं माहीत होतं. पण त्याला सांगितलं होतं की नाही, हे कोण सांगणार? पटण्यासाठी पुरावा लागत नाही, पण पुरावा नसला की पटलेलंही रोज नव्यानं पटवून घ्यावं लागतं. त्यात मी थकून गेले.

एक पावसाळा गेला. हे आता सदूचं नाव काढत नव्हते, पण कुंडीपाशी गेले की थांबायचे, हे मी वरून बघायचे. कुंडीची राखण आळीपाळीनं चालायची आणि त्यावरून कामगारांची आपसात धुसफूस असायची. एक दिवस न्याहारी न करताच हे बाहेर पडले. संध्याकाळी आले ते सदूला घेऊन. कडेगावात काय झालं, ते मला सदूनं नंतर सांगितलं. हे गुऱ्हाळावर गेले, चिपाडाच्या ढिगावर बसून राहिले, कुणी दिला तो ताजा गूळ खाल्ला. माफीचं नाव काढलं नाही. दुपार कलल्यावर म्हणाले, "सदू, कुंडी बगायला भरवशाचा मानूस न्हाई. तुज्याकडं देतो. येतोस?" सदू हातपाय धुऊन त्यांच्याबरोबर निघाला.

नामूनं कुरकुर केली. आण्णांच्याही कानावर गेलं. आण्णा ह्यांना म्हणाले, "तुमचीच दिवाळी हाय, तुमीच बगा." कुंडीची सगळी जबाबदारी सदूवर आली, ज्या हातानं गाळ गटारीत गेला त्याच हातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं माडीवर जेवायला बसले. दोन वर्षांनी माझ्या घरात दोन पानं शेजारी मांडली होती. मी भात वाढला, वर आमटी घातली. सदूनं हात घातला नाही. म्हणाला, "दाजी, एक सांगू? तुमी सांगितलं व्हतं."

हे म्हणाले, "काय?"

"कुंडीचं. मी आलो त्याच दिशी. कुंडीपाशी हुबं ऱ्हाऊन सांगितलं व्हतं. माज्या डोस्क्यातनं गेलं. तुमी वरडलात तवा मी न्हाई म्हनून बसलो, आनि मग मला फिरता येईना."

ह्यांनी मान हलवली. "न्हाई. मी सांगितलं नव्हतं."

"आवं दाजी, सांगितलं व्हतं."

"सदू, मी लय इचार केलाय. तू आलास तवा भट्टीवर लय काम व्हतं. सांगायचं म्हनून मनात आनलं आनि ऱ्हाऊन गेलं. सांगितलं असं मला वाटत व्हतं, पर सांगितलं नव्हतं."

"तुमी इसरलाय."

"इसरलायस तू! माजी चूक हाय म्हन्तोय तर ऐकून घेत न्हाईस?"

"तुमची कशी? माजी हाय!"

दोघांचे आवाज चढले. खालून नामू पायरीपर्यंत आला आणि काय चाललंय ते ऐकून परत गेला.

हे सगळं आता इतक्या वर्षांनी लिहिते आहे, कारण तुम्ही मेढ्यातली माणसं भेटलात की म्हणता, आक्का, आता काय उरलंय सांगलीत, ये की गावाकडं. आण्णा गेले. हे गेले. सदूनं धंदा शिकून पुढं मद्रासकडं आपलं दुकान घातलं, त्याची नातवंडं तमिळ बोलतात आणि मला फोनवर आत्याआजी म्हणतात. तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी येतेही. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पाय ठरत नाहीत. सांगलीत परतले की मेढ्याची ओढ लागते. असे हेलपाटे खाण्यातच जन्म गेला आणि मला वाटतं, जे जे घर सोडून निघाले त्या सगळ्यांचं असंच होत असणार. निघालेल्याला कुठल्याच गावात पुरतं बसता येत नाही.

पण कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर माझ्या तोंडून सांगलीच येतं. त्या दोघांतलं खरं कोण बोलत होतं, ते मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायला एकच उरलाय, त्याला मी विचारणार नाही. दोन तापट माणसं चूक आपल्या पदरात पाडून घ्यायला हमरीतुमरीवर आली होती, पानातला भात गार होत होता, आणि मी चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसले होते. त्यांना थांबवायला मी उठले नाही.